न दिलेला खो

कोळेकर सरांच्या फाटकाला वर्षभर कडी लागलेली नव्हती, त्यामुळे गल्लीतल्या शेळ्यांची चंगळ झाली होती. आधी त्यांनी शालनबाईंची जास्वंद संपवली, मग कढीपत्ता, आणि आता त्या वाळत घातलेल्या पंच्यावर आल्या होत्या. सर त्यांना शिट्टी वाजवून हाकलायचे. फाटक लोटून घ्यायचे, पण कडी लावायचे नाहीत. दुसऱ्या कुणी लावली तर लगेच जाऊन काढायचे.

"शालन येईल की आत्ता," ते म्हणायचे. "दोन्ही हातात पिशव्या असतात तिच्या. कडी कशी काढंल?"

शालनबाईंना जाऊन वर्ष उलटलं होतं.

त्यांची मुलगी स्नेहल मिरजेहून रोज दुपारी सांगलीला यायची. ती फाटकाशी उभी राहून हे ऐकायची आणि म्हणायची, "हो आप्पा, येईल." पहिल्या महिन्यात ती खरं सांगायची. सांगितलं की आप्पा खांबाला धरून खाली बसायचे आणि रडायचे. थोड्या वेळानं डोळे पुसून उठायचे आणि विचारायचे, "शालन कुटं दिसंना?" असं पाच-सहा वेळा झाल्यावर स्नेहलचा धीर सुटला. कुणाचाही सुटला असता.

आप्पा, म्हणजे आनंदा कोळेकर, खो-खोचे प्रशिक्षक. जिल्ह्यातल्या निम्म्या मुली त्यांच्या शिट्टीवर धावायला शिकल्या. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूतला नव्या आठवणी बांधणारा भाग हळूहळू निकामी व्हायला लागला. तरुणपणच्या संघातले नऊच्या नऊ खेळाडू त्यांना बसायच्या क्रमानं आठवत, पण सकाळी पोहे खाल्ले की उप्पीट ते आठवत नसे. तेव्हा स्नेहलनंच हट्ट धरून त्यांना स्मरणी बसवली. हट्ट धरायला तिला अधिकार होता, कारण स्मरणी बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीत ती घरून काम करणारी प्रोग्रामर होती.

स्मरणी म्हणजे उजव्या कानामागे, कातडीखाली बसवलेलं घेवड्याच्या बीएवढं यंत्र. त्यातून केसाहून बारीक तारा मेंदूत जातात. आपल्यासमोर काही घडलं, की मेंदूतल्या ठरावीक पेशी ठरावीक क्रमानं चेततात. धडधाकट मेंदू तो क्रम धरून ठेवतो. आप्पांच्या मेंदूतून तो निसटायचा. स्मरणी तो क्रम टिपते, साठवते आणि वेळ आली की त्याच पेशींना त्याच क्रमानं हलकेच जागं करते. माणसाला वाटतं, आपल्यालाच आठवलं. आणि खरं तर त्याला स्वतःलाच आठवलेलं असतं.

दोन वर्षं हे यंत्र झकास चाललं. शालनबाई गेल्या त्या सुमाराला ते बिघडलं. लोकांना वाटलं, धक्क्यानं माणूस खचला. स्नेहललाही तसंच वाटलं. मग एकदा तिनं यंत्राचा आतला तपशील उघडून पाहिला, तर सगळीकडे एकच तक्रार: "जागा अडलेली आहे. नंतर प्रयत्न करा." पानंच्या पानं तेवढंच.

कंपनीनं साठ्याच्या चिपवर ठपका ठेवला आणि हात झटकले. साहेबांचा निरोप आला की लिहून न झालेल्या नोंदी ज्या तात्पुरत्या जागेत थांबतात ती आता भरत आली आहे. ती भरली की यंत्र बंद पडेल. तेव्हा सोमवारी हे यंत्र काढू आणि नवं, कोरं बसवू.

कोरं म्हणजे अगदी कोरं. आजारानं मागची वर्षंही पुसत नेली होती. आप्पांच्या मनात मुलगी म्हणून जी उरली होती ती दोन वेण्या घालणारी, गुडघे फुटलेली पोर होती. चाळिशीतली, चष्मा लावणारी, केस पिकायला लागलेली बाई म्हणजे तीच पोर, हे त्यांना यंत्रातल्या नोंदींमुळे कळत होतं. मंगळवारी फाटक उघडून आत गेल्यावर आप्पा आपल्याला "कोण पाहिजे?" असं विचारतील, हे स्नेहलला स्पष्ट दिसत होतं.

गुरुवारी दुपारी ती एक पिकलेलं कवठ, गुळाचा खडा आणि आपला टॅबलेट घेऊन आली.

"आप्पा, तुमच्यासाठी कवठ आणलंय."

"अगं वा! आता मिळतंय व्हय कुटं?" आप्पांनी ते पायरीवर आपटून फोडलं आणि बोटानंच गर काढायला लागले. यंत्रातलं वाचायला स्नेहलनं कानामागे चिकटवलेल्या चकतीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. कवठाच्या त्या प्रसंगावर तिनं एक खूण केली होती आणि ती खूण यंत्रात कुठून कुठे जाते ते ती पडद्यावर बघत होती.

"आज काय म्हणतात तुझे कर्नल साहेब?" आप्पांनी विचारलं.

"कर्नल नाही आप्पा, कर्नेल. यंत्राचा गाभा. कुणी कधी उठायचं, कुणी थांबायचं, ते तो ठरवतो."

"म्हणजे पंच."

"हां, पंचच."

स्नेहललाही हे काम खो-खोच्या भाषेतच कळत आलं होतं. स्मरणीत एकाखाली एक तीन थर होते. प्रसंग घडला की वरचा थर त्याचा अर्थ लावायचा: कोण आलं, कोण गेलं, काय बोललं. मधला थर त्या नोंदीला तिच्या जागेच्या नि माणसांच्या प्रसंगाशी जोडायचा. आणि खालचा थर ती चिपवर लिहायचा. वरच्यानं काम उरकून मधल्याला खो द्यायचा, मधल्यानं खालच्याला. खो मिळाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. काम बिघडलं तर तक्रार त्याच वाटेनं खालून वर यायची, आणि ती ज्याच्याकडून निघाली त्यालाच सगळे दोषी धरायचे.

कवठाची नोंद वरच्या थरातून नीट सुटली. मधल्यानं ती घेतली, खालच्याला खो दिला. खालचा उठलाच नाही. "जागा अडलेली आहे."

आजवर सगळे इथंच थांबले होते. खालचा उठत नाही, म्हणजे खालचा आजारी.

"परवा मैदानावर त्या काव्यानं मारलेला सूर बघितलास का तू?" आप्पा मध्येच म्हणाले. "आडवी झेप घेतली पोरीनं, खांबाच्या अलीकडं. अशी झेप मी वीस वर्षांत बघितली न्हाई."

"बघितला की. मीच नव्हते का आणलं तुम्हाला मैदानावर?" स्नेहल सवयीनं म्हणाली आणि तिनं पडद्यावरून मान वर केली. परवाचं? आप्पांना परवाचं आठवतंय?

"आप्पा, आत्ता काय खाल्लंत?"

त्यांनी गुळानं चिकट झालेल्या बोटांकडे पाहिलं. "कवठ दिसतंय. कुणी आणलं गं?"

मैदानावरचं आठवत होतं. घरातलं आठवत नव्हतं. चिप खराब असती तर दोन्ही गेलं असतं. गेले कित्येक महिने हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि सगळे चिपच्या मागे लागले होते. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि कर्नेलला वेगळंच विचारलं. खालचा का उठत नाही हे नाही. त्याला धरून कोण बसलंय?

उत्तर एका ओळीचं आलं.

"प्रसंग चालू आहे. स्थळ: घर. आगमन: शालन. निर्गमन: नाही."

स्मरणीचा एक साधा नियम होता. प्रसंग चालू असेतो तो पक्का लिहायचा नाही. संपला की मग. माणूस आलं की प्रसंग उघडायचा, गेलं की मिटायचा. या घरात वर्षापूर्वी शालन आली होती आणि अजून गेली नव्हती. त्यामुळे तो प्रसंग मिटला नव्हता, आणि त्यानंतर या घरात जे जे घडलं ते त्याच्या मागं रांग लावून उभं होतं.

नोंदीबरोबर आवाजाचा एक तुकडा असतो. स्नेहलनं कानाला हेडफोन लावले. पदराची सळसळ, चपलांचा आवाज, फाटकाची करकर. आणि मग आई, घाईत, नेहमीसारखी:

"येते हं. दूध तापवून ठेवलंय."

त्या सकाळी ती मिरजेच्या दवाखान्यात निघाली होती, दोन दिवसांत परत यायच्या बोलीवर. शस्त्रक्रिया ठीक झाली, पण तिचं हृदय थकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते थांबलं.

स्नेहलनं तो तुकडा पुन्हा ऐकला. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना तिला आईचा आवाज नव्हे, शब्द ऐकू आला. येते. वरच्या थरानं अर्थ लावला होता. बाई 'येते' म्हणतेय, म्हणजे बाई आली. यंत्राच्या लेखी ती घरात होती, आणि आप्पा त्याच सकाळच्या 'येते'वर वाट बघत अडकले होते.

तिनं परसात जाऊन पंकज झामरेला फोन लावला. झामरे मूळचा नागपूरचा, वरच्या थराचं काम त्याच्याकडे होतं.

"थांब थांब," तो म्हणाला. "येते म्हणून ती गेली, अन् यंत्रानं ती आली असं लिहिलं? अबे, आमच्याकडेही 'जातो' कोणी म्हणत नाही ना बा. आई मारतेच. मग हे आपल्याला सापडलं काहून नाही?"

"चाचणीची वाक्यं मी लिहिली होती," स्नेहल म्हणाली. "'मी आता बाहेर जात आहे.' 'मी आता घरी जाते.' यंत्राला समजावं म्हणून अगदी शुद्ध. दारात उभं राहून असं कुणी बोलत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि लहानपणी मी 'जाते' म्हटलं की आई मला उंबऱ्यातून परत आत बोलवायची. 'येते' म्हण, मगच जा."

झामरे हसला. मग त्याला काहीतरी सुचलं. "पण मग सगळेच अडकायला पाहिजे होते. हजारो लोकं वापरून राहिले ही स्मरणी. सगळ्यांकडेच माणसं 'येतो', 'येते' म्हणूनच बाहेर पडतात."

"बाकीचे परत येतात ना," स्नेहल म्हणाली. "परत आले की जुना प्रसंग आपोआप मिटतो, नवा उघडतो. हिशेब जुळून जातो. कुणाच्या लक्षातही येत नाही."

तिकडून कीबोर्डचा आवाज सुरू झाला.

"दुरुस्ती मी उद्यापर्यंत करतो," तो म्हणाला. "शब्दाचं सोपं आहे. कठीण पुढचं आहे, स्नेहल. तो प्रसंग मिटला, की मागची सारी रांग आत येईल. वर्षभराचं. तुझी आई घरी आणली तेव्हाचं. तू त्यांना सांगितलं तेव्हाचं, जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा. एका दुपारी सारं. नाहीतर रांग पुसून टाकू. आजपासून कोरं लिहू, जुनं आहे तसं राहील, तुलेही ओळखतील. कंपनी पुसाच म्हणेल. मीही कदाचित तेच म्हणेन."

फोन ठेवून स्नेहल कढीपत्त्याच्या उरलेल्या खोडापाशी बसून राहिली. तिला तिसरंच काहीतरी वाटत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सगळ्या जगात एकच जागा अशी उरली होती जिथं आई अजून घरात होती. ती जागा म्हणजे आप्पांच्या कानामागचं ते बी. शब्द दुरुस्त केला की आई तिथूनही निघणार होती, आणि तिला घालवणारी स्नेहल असणार होती. रांग पुसली तरी निघणार, नाही पुसली तरी निघणार. तिला आईची इतकी आठवण आली की ती तोंडावर ओढणी दाबून रडली. वर्षभर आप्पांना सांभाळताना तिचं स्वतःचं रडणं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. स्नेहल टॅबलेट मांडीवर घेऊन आप्पांशेजारी पायरीवर बसली. विचारायचं कसं हे तिला सुचेना.

"आप्पा, बसलेल्या खेळाडूला खो मिळालाच नाही तर तो किती वेळ बसतो?"

"मिळेपर्यंत," आप्पा लगेच म्हणाले. "आधी उठला तर फाऊल."

"आणि देणाऱ्यानं मनातल्या मनात दिला तर?"

"त्याला खो म्हणत न्हाईत. पाठीला हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं. दोन्ही एकदम. नुसता हात लावून पळणाऱ्या पोरी असतात की, लाजऱ्या. मग बसलेली बिचारी बसूनच राहते. चूक तिची नसते."

स्नेहलनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आप्पा, आई गेली. गेल्या वर्षी. मिरजेला, दवाखान्यात."

आप्पांचं तोंड उघडं राहिलं. मग ते खांबाला धरून वाकले, अगदी तसेच, जसे पूर्वी दर वेळी वाकत. स्नेहलनं हात काढला नाही. रडणं ओसरायची वाट न बघता तिनं सगळं सांगून टाकलं, कारण ओसरलं की ते विसरणार होते. यंत्र काय चुकलं ते सांगितलं. आपणही वर्षभर 'येईल' म्हणत होतो तेही सांगितलं. आणि विचारलं: मागचं सगळं पुसू, की येऊ दे?

"तिला घरी आणलं होतं तवा मी होतो?" आप्पांनी विचारलं.

"होतात. तिच्या कपाळावर हात ठेवून बसला होतात. कुणाला उचलू देत नव्हता."

"आणि रडलो?"

"खूप. पुन्हा पुन्हा."

"मग ते माझं हाय की गं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला, तरी मैदानावरची जरब त्यात होती. "तिच्यासाठी रडलेलं ते. ते का पुसतीस? येऊ दे."

स्नेहलनं झामरेची दुरुस्ती यंत्रात चढवली. प्रसंग मिटायला काही हुकूम द्यावा लागणार नव्हता. जुनं वाक्य नव्या थरानं पुन्हा वाचायचं, इतकंच. वाचलं की ते आप्पांना आठवणार होतं, कानात नव्हे, आत. तिनं बोट टेकवलं.

आप्पा एकाएकी फाटकाकडे बघायला लागले. तिथं कुणी नव्हतं. स्नेहलला काही ऐकू आलं नाही, पण त्यांना काय ऐकू येतंय हे तिला पाठ होतं. पदराची सळसळ. चपला. करकर. येते हं.

त्या सकाळी आप्पा टीव्हीवर खो-खोचा सामना बघत होते. शालनबाई बोलल्या तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती, तीही पडद्याकडे बघत. उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"ये," आप्पा आता म्हणाले. "ये, शालन. सावकाश ये."

टॅबलेटवर एक ओळ उमटली. निर्गमन: शालन. प्रसंग संपला.

मग रांग सरकायला लागली. आप्पा खांबाला टेकून डोळे मिटून बसले, आणि एकेक करून सगळं त्यांच्यात येऊन बसायला लागलं. मध्येच त्यांच्या घशातून हुंदका यायचा. मध्येच ते कुणाचं तरी नाव घ्यायचे, दहाव्याला आलेल्या पाहुण्याचं, खांद्यावर हात ठेवलेल्या जुन्या खेळाडूचं. एकदा त्यांनी स्नेहलचा हात शोधून घट्ट धरला. "पाच-सहा वेळा सांगितलंस की गं मला," ते म्हणाले. "तुला किती त्रास झाला असंल." ती त्यांच्या खांद्याला डोकं लावून बसली. एक शेळी आत येऊन दोघांकडे बघून गेली, आणि आज तिला शिट्टी वाजवून कुणी हाकललं नाही.

उन्हं कलली तेव्हा रांग रिकामी झाली होती. आप्पांनी डोळे उघडले. चेहरा थकलेला होता, सुजलेला होता, पण तो कशाचीही वाट बघत नव्हता.

"काल कवठ तू आणलंस," ते म्हणाले.

"हो," स्नेहल म्हणाली, आणि रडतच हसायला लागली.

"गूळ कमी होता."

"उद्या जास्त आणते."

तिनं आत जाऊन चहा केला, दोघांनी पायरीवर बसून तो घेतला. मग तिनं टॅबलेट पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. तो शब्द आज तिच्या ओठांवर अडखळला. आप्पा फाटकाच्या आतून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हण की," ते म्हणाले. "तसंच जाऊ नये."

"येते, आप्पा."

"ये," आप्पा म्हणाले. त्यांनी फाटक ओढून घेतलं आणि वर्षभर लोंबत असलेली कडी उचलून कोयंड्यात घातली. "उद्या आलीस की हाक मार. मी काढतो."